ताण्यावर हात ठेवून

माणूस चंद्रावर जाऊन आला त्याच्या पुढच्या वर्षी मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेले आणि घरातल्या सगळ्यांपेक्षा मला जास्त कळतं अशी माझी खात्री पटली. खात्री पटायला तसं कारणही होतं. आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढे कुणीच गेलं नव्हतं. नागपुरात इतवारीच्या मागच्या विणकर वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मोठी खोली मागाची आणि उरलेली आमची. बाबा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर विणत बसत, आई स्वयंपाक आटोपून रंगवलेलं सूत वाळवायला घाली, आणि आत्या भिंतीला टेकून चरख्यावर कांड्या भरे. कांडी म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची लहानशी नळी. बाबांचे हात जेवढ्या वेगानं ती रिकामी करत तेवढ्याच वेगानं आत्या दुसरी तयार ठेवत असे. दोघं बहीण-भाऊ दिवसात चार वाक्यंसुद्धा बोलत नसत, पण कांडी कधी कमी पडली नाही.

आत्या बाबांची मोठी बहीण. तिला उमरेडला दिलं होतं. तिथे तिचा आठ महिन्यांचा मुलगा तापानं गेला आणि वर्षाच्या आत नवराही गेला. मग ती एक गाठोडं घेऊन आमच्याकडे आली ती कायमची. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. लहान लेकरांना आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. उमरेडच्या तलावाजवळ त्याला पुरलं तेव्हा आत्यानं त्याच्या कमरेचा काळा करदोडा सोडवून घेतला होता. तो एका पितळी डबीत घालून तिनं देव्हाऱ्यात महादेवाच्या मागे ठेवला होता. रोज सकाळी ती देवांना पाणी घाली, डबी पुसून परत ठेवी आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटे. सोमवार, प्रदोष, चतुर्थी, काही सोडत नसे. मला वाटायचं, मागत असेल दीर्घायुष्य. दुसरं काय मागतात लोक?

दुपारी जेवणं झाली की मी पेपर वाचून दाखवत असे. मागाच्या खटखटाटात ऐकू जावं म्हणून ओरडूनच वाचावं लागे. पुढे जन्मभर शाळेत शिकवलं, पण मागच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज तयार झाला तो त्या खोलीत.

एका रविवारी पुरवणीत एक लेख आला होता. विदेशातल्या कुणा शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की म्हातारपण हा एक आजारच आहे. आज ना उद्या त्यावर औषध निघेल आणि मग माणसाला मरायचं कारणच उरणार नाही. मी तो लेख असा वाचला की जणू ते औषध आमच्याच कॉलेजात बनत होतं.

आत्यानं चरखा थांबवला. "म्हंजे कोणीच मरणार नाही?"

"नाही. त्यात काय एवढं? अमीबा कुठं मरते?" अमीबा मी आदल्याच आठवड्यात शिकले होते आणि तो कुणाला तरी सांगायला जीव तडफडत होता. "एकाचे दोन होतात, दोनाचे चार. मरणच नाही त्याले."

"मंग त्यातली माय कोणती अन् लेकरू कोणतं?"

याचं उत्तर आमच्या पुस्तकात नव्हतं. "तसं नसते ते आत्या. दोघंही सारखेच."

"बिचारे," आत्या म्हणाली.

मला राग आला. विज्ञानाचा एवढा मोठा विजय मी घरी आणला होता आणि ही अमीबाची कीव करत होती. मग मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, "माणूस मरणारच नाही तं देवाले कोण विचारते? मरायची भीती हाये म्हणून तं हे उपास अन् हे दिवे. भीती गेली का देवाचं दुकान बंद."

आतून आई ओरडली, "जीभ आवर वं!" बाबांचा धोटा क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. आत्यानं चरख्याला हात घातला. पाच-दहा मिनिटं गेली असतील. मग खाली बघतच तिनं विचारलं, "ते औषध पाजतात का सुईनं देतात?"

"सुईनंच देत असतीन," मी म्हणाले.

पेपरात सुईबिई काही नव्हतं. पण 'माहीत नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघत नसत. हा माझा जुना रोग. तो पुढे बराच कमी झाला, पण उशिरा.

त्या हिवाळ्यात आत्या खोकू लागली. आमच्या वस्तीत खोकणाऱ्याकडे कुणी फारसं बघत नाही, सुताची धूळ सगळ्यांच्याच छातीत असते. पण तिची चोळी ढिली पडत चालली आणि संध्याकाळी अंग तापू लागलं, तेव्हा बाबांनी तिला मोठ्या दवाखान्यात नेऊन छातीचा फोटो काढून आणला. क्षय निघाला. वस्तीजवळच्या दवाखान्यात रोज एक सुई घ्यायची, तीन महिने, आणि सोबत गोळ्या असं ठरलं. पहिल्या दिवशी बाबा, मी आणि आत्या गेलो. डॉक्टर भला माणूस होता. आत्याचा उतरलेला चेहरा पाहून तो हसत म्हणाला, "घाबरू नका बाई. आता फार चांगलं औषध निघालं आहे. ही सुई सुरू झाली की तुम्ही काही मरत नाही!"

बाबा हसले, मीही हसले. आत्या स्टुलावरून उठली आणि बाहेर जाऊन रस्त्यावर उभी राहिली.

त्यानंतर ती आत गेलीच नाही. बाबांनी समजावलं, आईनं हातापाया पडून पाहिलं, शेजारणी आल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच, की बाई सुईला भ्याली. बाबांनी आयुष्यात कधी बहिणीवर आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "काहून नाही घेत ते तरी सांग!"

"मले नाही घ्यायची," एवढंच ती म्हणे. वीसेक दिवस असे गेले आणि माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला.

इथं आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, विणून संपत आला तरी आम्ही माग रिकामा करत नाही. जुन्या ताण्याची टोकं मागात तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या एकेका टोकाला पीळ देऊन जोडतात. असे हजारो धागे. बोट निसटू नये म्हणून चिमटीला राख लावायची. त्यामुळे आजोबांच्या काळापासून आमच्या मागाचं सूत कधी सुटलंच नव्हतं. म्हणून आमच्याकडे शपथ घ्यायची तर देवावर नाही, ताण्यावर हात ठेवून घेतात. ताण्यावर हात ठेवून खोटं बोललं की सूत तुटत राहतं, असं मानतात. मी हे लहानपणापासून ऐकत आले होते आणि अर्थातच मानत नव्हते.

मार्च लागला असेल. नवा ताणा आला होता आणि आत्या अंगात ताप असूनही तो जोडायला बसली होती. ते काम तिच्याइतकं सफाईनं कुणालाच जमत नसे. मी कॉलेजातून आले तेव्हा बाबा बाहेर गेले होते, आई नळावर होती. आत्याला खोकल्याची उबळ आली. तिनं तोंड वळवलं आणि मांडीजवळच्या राखेच्या वाटीत थुंकली. मग बोटानं त्यावर राख सारली. पण मी लाल रंग पाहिला होता.

माझा ताबा सुटला. "मरायचं हाये काय तुले?"

"हो," ती म्हणाली. इतक्या सहज. "कधीतरी तं मरू दे न वं मले. तूच तं वाचलं होतं पेपरात. सुई देतात अन् मंग माणूस मरतच नाही. डाक्टरही तेच म्हणे." तिनं धाग्याला पीळ दिला. "अन् त्या लेकराले मी काय सांगू? तो थांबून राहिला तिथं. मी मेलीच नाही तं तो थांबूनच राहीन."

मला आधी हसू आलं, खरं सांगते. आणि ते तोंडातच असताना मला ती पुरवणी आठवली. माझी ती मोठी हुशारी तिनं इतके महिने छातीत धरून ठेवली होती आणि त्या हुशारीपायी आता रक्त ओकत होती. आणि मी समजत होते की ती देवाकडे आयुष्य मागते! ती तर रोज सकाळी डबी पुसून एवढंच मागत होती, की माझं मरण तेवढं राखून ठेव.

मी सगळं परत घेतलं. म्हटलं, ते औषध निघालंच नाही, निघणारही नाही, ही सुई वेगळी आहे, खोकल्याची आहे, डॉक्टर थट्टा करत होता, मी मूर्ख आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "आता म्हणतं खोटं. तवा तं बोट ठेवून दाखवत होती." शिकलेल्या माणसाचं पहिलं बोलणं खरं आणि दुसरं मन राखायला केलेलं, असा तिचा हिशेब होता. घाबरून मी रडायला लागले. तेव्हा ती थोडी विरघळली असावी.

"ठेव हात ताण्यावर," ती म्हणाली. "अन् सांग, मले मरण येईन म्हणून."

तिनं माझ्या बोटांना राख लावली. मी त्या अर्ध्या जोडलेल्या धाग्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "आत्या, तुले मरण येईन. सुई घेतली तरी येईन. नक्की येईन." ज्या माणसाचा जीव वाचवायचा त्याच्याच मरणाची शपथ घेताना माझा आवाज इतका कापत होता, की तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"अन् तो भेटन?"

हे मात्र मला येत नव्हतं. पहिली शपथ खरी होती, ती मी शंभरदा घेतली असती. दुसरीबद्दल मला काय वाटतं ते मी पुरवणी वाचताना घरभर ओरडून सांगून बसले होते. आत्या माझ्याकडे बघत होती. हात ताण्यावरच होता.

"भेटन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच चपला घालून तयार झाली. बाबांनी विचारलं, आज कसं काय? ती म्हणाली, "हिनं सांगितलं नीट." बाबांनी माझ्याकडे फार कौतुकानं पाहिलं. शिक्षणाचा उपयोग झाला असं त्यांना वाटलं असणार.

आणि मग सूत तुटायला लागलं.

तसं उन्हाळ्यात सूत तुटतंच. नागपूरच्या हवेत एप्रिलपासून ओल म्हणून उरत नाही, धागा कडक होतो आणि जरा ओढ बसली की तुटतो. खिडकीला ओली पोती टांगतात, खड्ड्यात पाणी शिंपडतात. आम्हीही ते सगळं केलं. पण तो ताणा काही केल्या नीट चालेना. चार बोटं विणून होईस्तोवर दोन धागे गेलेले. बाबा वैतागून धागे सांधत बसत, आत्या दवाखान्यातून येऊन त्यांना मदत करी, आणि मी पुस्तक उघडून एकही ओळ न वाचता मोजत बसे. तुटला की माझ्या छातीत धस्स होई. मला कारण पक्कं माहीत होतं. हवेतली आर्द्रता, तंतूची ताकद, परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी पानभर लिहिलं असतं. मग धस्स कशाला होत होतं, ते मला कळेना.

एकदा बाबा न बघताच म्हणाले, "कोणी काही खोटं बोललं काय वं या ताण्यावर?" मी पाणी प्यायला उठून गेले.

त्याच आठवड्यात मी धीर करून त्यांना विचारलं, "बाबा, माणूस मरतच नसता तं तुम्ही सकाळी मागाले हात जोडले असते काय?"

त्यांनी विचार केला असं काही दिसलं नाही. "मरत नसता तं काय सूत तुटत नसतं?" एवढं बोलून त्यांनी पुढचा धागा उचलला.

कॉलेजात माझी एक मैत्रीण होती. तिच्या आईवडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला तेव्हा ती त्यांच्या कडेवर नाही, पण बोट धरून हजर होती. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या घरी देव नाही अन् आत्माही नाही. मरण असलं काय अन् नसलं काय, नीट वागणं तं चुकतच नाही. उलट अमर झाला तं जास्तच नीट वागावं लागेन. आता कोणाशी वाईट वागलं तं एक दिवस तो मरते, नाही तं आपण मरतो, विषय संपते. मंग तं तो रोज चौकात भेटन!" मला हसू आलं. मी विचारलं, "अन् मी आत्याशी खोटं बोलली त्याचं काय?" ती म्हणाली, "ते वाईटच केलं तू. पण केलं नसतं तं मी तुझ्याशी बोलली नसती." मी तिच्याकडे सुटका मागायला गेले होते आणि आणखी एक गुंता घेऊन आले.

पावसाळ्याच्या तोंडाशी तो ताणा संपला. आत्याच्या सुयाही संपल्या. ती बरी झाली. अंग भरलं, खोकला गेला, चरखा पुन्हा फिरू लागला. मी पास झाले, नंतर शाळेत शास्त्र शिकवायला लागले, लग्न होऊन धरमपेठेत गेले. माहेरी गेले की आत्या मला चिडवायची. "अजून जिवंतच हाये वं मी. शपथ आठवते न? का विसरली?" मी म्हणायची, "येईन, येईन, घाई काय हाये?" आम्ही दोघी हसायचो. बाकी घराला वाटायचं, या दोघींचं डोकं फिरलं आहे.

यंत्रमागांपुढे हातमाग टिकेना. ऐंशीच्या सुमारास बाबांचे गुडघेही बोलायला लागले आणि एक दिवस त्यांनी माग मोडायचं ठरवलं. मोडायचा म्हणजे ताणा कापणं आलं. बाबांनी कोयता घेतला तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. पुढे खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर फरशी घातली. घरातली तीच जागा सगळ्यात थंड, म्हणून आत्याची खाट तिथे आली.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी ती खाटेला लागली. यावेळी क्षय नव्हता, डॉक्टर म्हणाले वय आहे. मी शाळेतून रजा काढून राहायला गेले. एका सकाळी देवपूजा मीच केली, कारण आता ती उठू शकत नव्हती. डबी पुसून तिच्या हातात दिली. तिनं उघडली. करदोडा तपकिरी पडला होता. तिनं तो बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"काय वं," ती म्हणाली, "ते औषध निघालं काय?"

मला वाटलं चिडवते आहे. मी हसून म्हणाले, "कोणतं?"

"न मरायचं."

तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी विचारलं, "तुले कशाले पाहिजे आता?"

"आठ महिन्यांचा होता तो," ती म्हणाली. "मी तवा काळ्याभोर केसांची होती. आता पाह्य, दात गेले, डोये गेले. त्यानं मले ओयखलंच नाही तं? रडला तं? मी घ्यायले हात पुढं केले अन् तो रडला तं?"

चाळीस वर्षं जिची वाट पाहिली त्या भेटीचीच तिला आता भीती वाटत होती. मरणाची नव्हे. आणि देव्हाऱ्यातला महादेव यात काही करू शकेल असं तिला वाटत नव्हतं, कारण तिनं त्याला विचारलं नाही. तिनं मला विचारलं. मला, जिनं देवाचं दुकान बंद केलं होतं.

"ओयखन आत्या," मी म्हणाले. "लेकरू मायले ओयखत नाही असं होते काय?"

"कशावर हात ठेवून सांगतं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. माग नव्हता, ताणा नव्हता, खड्ड्यावर फरशी होती. मग मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. विरळ पांढरे केस, कढत टाळू. "तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगते. तो तुले ओयखन." तिनं डोळे मिटले आणि "बरं" म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती गेली. सकाळी आठच्या सुमारास, आई चहा गाळत असताना. करदोडा बोटाभोवतीच होता, आम्ही तो काढला नाही.

आमच्याकडे असंही मानतात, की एखाद्याच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली तर तो माणूस मरतो. म्हणजे माझी शपथ खोटी होती म्हणून ती गेली असेल, तर खोटं पकडणारा कुणीतरी वर आहे. आणि वर कुणी असेल, तर तो मुलगाही तिथे असेल आणि त्यानं तिला ओळखलंही असेल. मग माझी शपथ खरीच होती. मग ती गेली कशानं? वयानं, डॉक्टर म्हणाले ते बरोबर. हे मी नंतर अमीबा शिकवताना, भाजी निवडताना, बसची वाट बघताना कितीदा सुरुवातीपासून मांडून पाहिलं, आणि दर वेळी त्याच जागी येऊन अडकले.

तेव्हापासून मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली नाही. खरीसुद्धा.